युनियनची मतपेटी आणि हरलेल्याची शंका

आपल्या बेटावर घरोघरी जिला ‘सेंदिका’ म्हणतात त्या मजूर युनियनविषयी बोलणे निघाले की पगार, बोनस आणि संप एवढ्याच गोष्टी पुढे येतात. युनियनचा अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार कसे निवडले गेले, मते कोणी मोजली, हरलेल्या उमेदवाराला शंका आली तेव्हा तो कोणाकडे गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आपल्या पगारातून कापली जाणारी वर्गणी मात्र याच माणसांच्या हाती जाते, आणि मालकासमोर बसून आपल्या वतीने सही करणारेही हेच असतात. म्हणून आज आम्ही या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आम्ही पेशाने शिक्षक. वर्गात मॉनिटर निवडायचा असला तरी मुले चिठ्ठ्या दुमडून डब्यात टाकतात आणि मोजणीच्या वेळी टेबलाभोवती गर्दी करतात. मोजणी डोळ्यांदेखत झाली तर हरलेला मुलगा दहा मिनिटे फुगून बसतो आणि मग खेळायला जातो. तीच मोजणी कोणी कपाटाआड नेऊन केली तर आठवडाभर कुरबुर चालते. मोठ्यांच्या युनियनमध्ये याहून फारसे निराळे घडत नाही. फरक इतकाच की चिठ्ठ्या टपालाने जातात आणि कपाट मुख्य कार्यालयात असते.

इंग्लंडमधील वीजकामगारांच्या युनियनची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. इलेक्ट्रिकल ट्रेड्स युनियन असे तिचे नाव. दोन लाखांहून अधिक सभासद, देशभर पसरलेल्या शेकडो शाखा, आणि मुख्य कार्यालयावर कम्युनिस्ट पुढाऱ्यांची घट्ट पकड. १९५९ च्या अखेरीस सरचिटणीसपदाची निवडणूक झाली. पदावर असलेले फ्रँक हॅक्सेल एका बाजूला, जॉन बर्न दुसऱ्या बाजूला. निकाल १९६० च्या फेब्रुवारीत लागला आणि हॅक्सेल हजाराच्या आसपास मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. पण शंभराहून अधिक शाखांची मते बाद ठरवण्यात आली होती. कारण असे देण्यात आले की त्या शाखांनी आपले निकाल ठरलेल्या मुदतीत टपालात टाकले नाहीत. पाकिटांवरचे टपालाचे शिक्के उशिराचे आहेत.

शाखांचे सचिव चक्रावले. आपण पाकीट वेळेवर पेटीत टाकले हे त्यांना पक्के ठाऊक होते. उशीर झालेल्या शाखा बहुतेक एकाच बाजूच्या कशा, हाही प्रश्न होता. इंग्लंडच्या मजूर संघटनांची मध्यवर्ती संस्था टी.यू.सी. हिने खुलासा मागितला, पण समाधानकारक उत्तर मिळेना. तेव्हा बर्न आणि त्यांचे सहकारी फ्रँक चॅपल यांनी स्वतःच्याच युनियनच्या पुढाऱ्यांवर खटला भरला. चॅपल हे स्वतः पूर्वी कम्युनिस्ट होते, हे येथे सांगितले पाहिजे. हा वाद केवळ डाव्या-उजव्यांचा होता असे समजून कोणी तो बाजूला सारू नये.

१९६१ च्या उन्हाळ्यात हायकोर्टात न्यायमूर्ती विन यांच्यापुढे आठवडेच्या आठवडे पाकिटांचीच चर्चा चालली. कोणत्या गावचा शिक्का, कोणत्या तारखेचा, पाकीट कोणी टाकले, कोणी उघडले. निष्कर्ष असा निघाला की मुख्य कार्यालयात आलेली खरी पाकिटे काढून घेऊन त्यांच्या जागी उशिराच्या शिक्क्यांची पाकिटे ठेवण्यात आली होती. गरजेपेक्षा हजारो जास्त मतपत्रिका छापून घेतल्याचेही उघड झाले. युनियनचे अध्यक्ष फ्रँक फोक्स आणि हॅक्सेल यांच्यासह पाच जणांनी संगनमताने लबाडी केली, असे न्यायालयाने म्हटले आणि जुलैच्या आरंभी बर्न हेच सरचिटणीस म्हणून निवडून आल्याचे जाहीर केले.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर बरे. पण सप्टेंबरात टी.यू.सी.ने संपूर्ण युनियनलाच बाहेर काढले. पाच माणसांच्या करणीची शिक्षा दोन लाखांहून अधिक वीजकामगारांना भोगावी लागली. नव्या कार्यकारिणीची निवडणूक झाली, मतमोजणीचे काम बाहेरच्या तटस्थ संस्थेकडे सोपवले गेले, आणि त्यानंतरच युनियनला पुन्हा आत घेतले.

या खटल्याकडे पाहताना आम्हाला एक गोष्ट विशेष जाणवते. हॅक्सेल यांच्या बाजूकडे सत्ता होती म्हणजे नेमके काय होते? पाकिटे त्यांच्या कपाटात होती. छापखान्याला मतपत्रिकांची मागणी त्यांच्या सहीने जात होती. मुदत संपली की नाही, हे तेच ठरवीत होते. आणि त्यावर कोणी तक्रार केली तर ती ऐकायलाही तेच बसत होते. उमेदवार, कारकून आणि न्यायाधीश ही तिन्ही कामे एकाच टेबलावर आली, मग दुसरे काय होणार?

पुढे तेथे कायदाही बदलला, पण फार सावकाश. युनियनच्या कार्यकारिणीची निवडणूक निदान पाच वर्षांनी गुप्त मतदानानेच व्हावी, असे बंधन १९८४ च्या कायद्याने घातले. टपालाने मतदान आणि त्यावर स्वतंत्र निरीक्षक ही अट १९८८ मध्ये आली. आता तेथील सभासदाला हायकोर्टाची पायरी चढण्याआधी सर्टिफिकेशन ऑफिसर नावाच्या अधिकाऱ्याकडे तक्रार नेता येते. निकाल लागल्यापासून एक वर्षाची मुदत असते. हे कायदे करणाऱ्या थॅचरबाईंच्या सरकारला मजुरांचा कळवळा होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही स्वतंत्र निरीक्षकाची कल्पना वाईट ठरत नाही.

अमेरिकेची गोष्ट अधिक दुःखाची आहे. तेथे कोळसा खाणीतील कामगारांची युनायटेड माइन वर्कर्स ही जुनी आणि दबदब्याची युनियन. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथे खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. युनियनचे अध्यक्ष टोनी बॉइल तेथे गेले आणि त्यांनी चक्क खाणमालक कंपनीचीच तारीफ केली. विधवांच्या देखत! त्यानंतरच्या वर्षी जोसेफ याब्लॉन्स्की हे युनियनमधलेच जुने पुढारी बॉइल यांच्याविरुद्ध उभे राहिले. युनियनचे मुखपत्र पानेच्या पाने बॉइल यांच्यासाठी खर्ची पडत होते. कामावर असलेला माणूसच नाही अशा, केवळ पेन्शनरांच्या नावापुरत्या शाखा होत्या आणि तेथूनही मते येत होती. याब्लॉन्स्की यांच्या वकिलांनी मतदानाआधीच सरकारच्या मजूरखात्याकडे चौकशीची मागणी केली. खात्याने उत्तर दिले की आधी निवडणूक होऊ द्या, मग पाहू.

९ डिसेंबर १९६९ रोजी मतदान झाले. बॉइल यांना सुमारे ८० हजार, याब्लॉन्स्की यांना सुमारे ४६ हजार मते. याब्लॉन्स्की यांनी निकालाला आव्हान दिले. वर्षाच्या शेवटच्या रात्री त्यांच्या राहत्या घरात त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि मुलीला गोळ्या घालून ठार करण्यात आले. हा कट बॉइल यांनीच रचला होता, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले आणि ते तुरुंगात गेले.

मजूरखाते जागे झाले ते खुनानंतर. १ मे १९७२ रोजी न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारी देखरेखीखाली फेरमतदान झाले आणि अर्नोल्ड मिलर सुमारे ७० हजार विरुद्ध ५६ हजार मतांनी निवडून आले. म्हणजे पहिल्या मतदानापासून खऱ्या निकालापर्यंत तीन वर्षे गेली, आणि त्या काळात ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच माणूस युनियनची तिजोरी सांभाळत होता.

गंमत अशी की कायदा तेव्हाही होता. अमेरिकेत १९५९ चा लँड्रम-ग्रिफिन कायदा युनियनच्या अंतर्गत निवडणुकांनाच लागू आहे. स्थानिक शाखेची निवडणूक तीन वर्षांतून एकदा आणि राष्ट्रीय पुढाऱ्यांची पाच वर्षांतून एकदा झालीच पाहिजे. उमेदवाराला मतदानाच्या आणि मोजणीच्या जागी आपला माणूस ठेवता येतो. आपले पत्रक तो स्वतःच्या खर्चाने युनियनमार्फत सर्व सभासदांना पाठवू शकतो. मतपत्रिका एक वर्ष जपून ठेवाव्या लागतात. वाद झाला तर सभासदाने आधी युनियनच्याच दारात जायचे. तेथे निकाल विरुद्ध गेला, किंवा तीन महिन्यांत उत्तरच आले नाही, तर पुढच्या एका महिन्यात मजूरमंत्र्यांकडे तक्रार करायची. खाते चौकशी करते आणि तथ्य आढळले तर न्यायालयात जाते. कारखान्यातला मजूर एकटा वकिलाची फी भरू शकत नाही, हे या कायद्याने ओळखले आहे.

न्यायालय मात्र दर चुकीसाठी निवडणूक मोडत नाही. त्या चुकीमुळे निकाल बदलला असण्याचा संभव आहे का, हे पाहिले जाते. समजा, चाळीस मतांनी एक जण जिंकला आणि हक्क नसलेल्या बारा जणांनी मते दिल्याचे आढळले. बाराच्या बारा मते जिंकलेल्याच्या खात्यातून वजा केली तरी तो जिंकतोच. मग निवडणूक टिकते. हक्क नसलेले साठ निघाले तर फेरमतदान. आम्हाला हा हिशोब शहाणपणाचा वाटतो. नाहीतर ज्याला हार पचत नाही तो एखादी सही राहून गेल्याचे शोधून काढून वर्षभर सर्वांना वेठीला धरील.

एका प्रकरणाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण तसला नियम आपल्याकडच्या संस्थांच्या घटनांतही दिसतो. बाटल्या बनवणाऱ्या काचकामगारांच्या एका शाखेत असा नियम होता की मागच्या दोन वर्षांतल्या पाऊणभर सभांना जो हजर होता तोच उमेदवार होऊ शकतो. ऐकायला किती चांगले वाटते! काम करणाऱ्यालाच पद मिळावे. पण सुमारे ५०० सभासदांपैकी त्या कसोटीला उतरले अवघे अकरा. वाद न्यायालयात रेंगाळला, तेवढ्यात शाखेने पुढची नियमित निवडणूक उरकून घेतली आणि आता जुन्या तक्रारीत राम उरला नाही असा पवित्रा घेतला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. सदोष निवडणुकीतून पदावर बसलेल्यांनीच पुढची निवडणूक घेतली, तर पहिल्या तक्रारीचे उत्तर मिळाले असे होत नाही.

सुधारक म्हणून निवडून आलेल्यांनाही हे नियम सोडत नाहीत. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनमध्ये गुंडांचा शिरकाव झाल्यामुळे १९८९ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली आणि १९९१ मध्ये सभासदांनी प्रथमच थेट मतदानाने अध्यक्ष निवडला. ते रॉन कॅरी. १९९६ मध्ये ते पुन्हा जिंकले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांनी यू.पी.एस. कंपनीविरुद्धचा मोठा संपही यशस्वी केला. संप संपून काही दिवस होतात तोच देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने १९९६ ची निवडणूक रद्द केली, कारण युनियनचा पैसा आडवाटेने प्रचारात आला होता. पुढे खोटी साक्ष दिल्याच्या आरोपातून कॅरी २००१ मध्ये निर्दोष सुटले, पण पद गेले ते गेलेच. कामगारांना हा घाव जिव्हारी लागला असेल. तरी निवडणूक रद्द करणे योग्यच होते असे आम्ही म्हणतो.

आता मुंबईकडे वळू. तेथील गिरण्यांत रत्नागिरी, सातारा भागातून गेलेली माणसे राबत होती, आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही त्याच कोकणातून या बेटावर आले. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर त्यांची एक मागणी अशी होती की राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढून घ्यावी. १९४६ च्या मुंबईच्या कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्या एकाच संघाला होता, आणि तो ठरत होता नोंदवहीतल्या सभासदसंख्येवर. गुप्त मतदान घेऊन कामगारांना विचारण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. हा वाद एका युनियनच्या आतला नसून दोन युनियनांमधला होता, हे आम्ही जाणतो. परंतु ‘आमचा प्रतिनिधी कोण हे आम्हाला विचारा’ हे मागणे तेच. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या.

आपल्या बेटाची गोष्ट आणखी वेगळी. १९३७ मध्ये उसाच्या मळ्यांत असंतोष पेटला, युनियन फ्लॅक येथे गोळीबारात मजूर मारले गेले, आणि त्यानंतर १९३८ मध्ये मजुरांना कायदेशीर संघटना करण्याची वाट प्रथम मोकळी झाली. १९४३ मध्ये बेलव्यू हारेल येथे पुन्हा गोळ्या चालल्या. अंजलाय कुपेन हिचे नाव त्यातूनच आपल्या मुलांच्या तोंडी आले आहे. १९७१ च्या संपांनंतर आणीबाणी लागली, युनियनांचे काम थांबवण्यात आले आणि पुढारी तुरुंगात गेले. ज्यांनी हे पाहिले त्या वडीलधाऱ्यांना युनियनच्या कारभारात सरकारचा हात नको वाटतो, यात नवल ते काय?

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा करारही तेच सांगतो. युनियनने आपले नियम स्वतः करावेत, आपले प्रतिनिधी पूर्ण स्वातंत्र्याने निवडावेत, सरकारने त्यात ढवळाढवळ करू नये. मॉरिशसने हा करार २००५ मध्ये मान्य केला. मग निवडणुकीचा वाद कोणी मिटवावा? त्या संघटनेची समिती सांगत आली आहे की असा वाद मंत्र्याच्या हुकमाने न मिटवता निःपक्षपाती न्यायसंस्थेकडे न्यावा. आपल्याकडे १९७३ च्या जुन्या कायद्याच्या जागी २००८ चा एम्प्लॉयमेंट रिलेशन्स अ‍ॅक्ट आला आणि तो २००९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. युनियनची नोंदणी रजिस्ट्रारकडे होते आणि नोंदणीसाठी नियमावली द्यावी लागते. ही नियमावली किती सभासदांनी उघडून पाहिली असेल? आम्हाला तर शंकाच आहे.

आपल्याकडे वाद मिटवण्याची एक सोपी तऱ्हा रूढ झाली आहे: हरलेल्याने बाहेर पडून नवी युनियन काढायची. एवढ्याशा बेटावर शेकडो युनियनांची नोंद आहे ती उगीच नव्हे. एकाच आवारात तीन फलक लागतात, तिन्हींना स्वतंत्र अध्यक्ष, आणि व्यवस्थापक तिघांना तीन वेगवेगळ्या दिवशी चहा पाजतो. ज्या वेळी कामगारांच्या निम्म्या संख्येचा आधार दाखवता आला असता त्या वेळी कोणाकडेच तेवढी माणसे उरत नाहीत. हे फुटणे नेहमी स्वार्थापोटी होते असे मात्र नाही. कित्येकदा हरलेल्या माणसाला दाद मागायला दुसरे दारच नसते.

ते दार ठेवण्यासाठी फार खर्च येत नाही. मतदारयादी कोणत्या तारखेला बंद होणार हे आधी लिहून लावावे, म्हणजे आदल्या आठवड्यात वर्गणी भरून कोणी पन्नास नवे सभासद आणू शकत नाही. मतपत्रिका किती छापल्या, किती वाटल्या, किती परत आल्या, किती कोऱ्या उरल्या याचा मेळ मोजणीच्या वेळीच घालून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. प्रत्येक शाखेचा आकडा त्या शाखेतच भिंतीवर लागला पाहिजे. तसे झाले की मुख्य कार्यालयातल्या कपाटाचे महत्त्व आपोआप कमी होते. जो उमेदवार आहे त्याच्या हाती पेटीची किल्ली नको. मग तो कितीही सज्जन असो.

तक्रार ऐकणारी तीन माणसे निवडणुकीआधीच नेमावीत, कारण निकाल लागल्यावर तटस्थ माणूस शोधणे कठीण होते; प्रत्येक जण कोणाचा तरी मेहुणा निघतो. तक्रार लेखी असावी, ती किती दिवसांत करायची आणि तिचा निकाल किती दिवसांत द्यायचा हे दोन्ही आकडे नियमात हवेत. पहिलाच आकडा लिहून दुसरा गाळण्याची चलाखी आम्ही काही घटनांत पाहिली आहे. आणि तक्रार चालू असताना जुन्या कार्यकारिणीने रोजचे काम जरूर पाहावे, परंतु मालकाशी नवा करार करू नये, सभासदांना काढू नये आणि मतपत्रिका तर मुळीच जाळू नयेत.

ज्यांच्या घरात कोणी सेंदिकेचा सभासद आहे त्यांनी त्याच्याकडून नियमावलीची प्रत मागून घ्यावी आणि ‘निवडणूक’ या मथळ्याखाली तक्रारीविषयी किती ओळी आहेत ते पाहावे. एकही ओळ नसेल, तर येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय घालण्याची विनंती आताच सचिवाकडे लेखी द्यावी. निवडणूक जाहीर झाल्यावर ती दिली तर प्रत्येकाला वाटेल की ती कोणाच्या तरी विरुद्धच आहे.